लिथियम, उन्हाळा आणि भांडुपची टेकडी : एक प्रकरण अभ्यास

एप्रिल २०२४ मध्ये भांडुपच्या एका ४७ वर्षांच्या बाईंना लिथियम या मनोविकारावरच्या औषधाच्या विषबाधेमुळे महापालिकेच्या रुग्णालयात दाखल करावं लागलं. ११ वर्षं त्या याच गोळ्या, याच प्रमाणात घेत होत्या. एकही गोळी त्यांनी जास्त घेतली नव्हती. तरीही रक्तातलं लिथियम तीन महिन्यांत तिपटीहून वर गेलं. ते कसं गेलं आणि घरातल्यांना, दवाखान्यातल्यांना ते इतक्या उशिरा का कळलं, हे नीट मांडावं म्हणून हा अभ्यास लिहिते आहे. मी मनोविकार विभागात समाजसेविका आहे. दाखल झाल्या दिवसापासून पुढचं वर्षभर या कुटुंबाशी माझा संबंध राहिला. त्यांच्या संमतीनेच लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वस्तीत या बाईंना लहानथोर सगळे वहिनी म्हणतात, मीही इथे तेच म्हणते.

पार्श्वभूमी

वहिनींना बायपोलर आजार आहे, म्हणजे आलटून-पालटून उन्माद आणि नैराश्य. उन्मादाचा पहिला झटका पहिल्या बाळंतपणानंतर आला. पुढची काही वर्षं फार हालाची गेली. कधी रात्ररात्र जागून घर डोक्यावर घ्यायच्या, कधी महिनेच्या महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. त्या पडून राहण्याच्या काळात एकदा त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला होता. २०१३ मध्ये लिथियम सुरू झालं आणि त्यानंतर एकदाही दाखल व्हावं लागलं नाही. लिथियमने आत्महत्येचा धोका कमी होतो हे अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. या घरात तर त्या गोळीने एक संसार उभा राहिला. पुढचे सगळे निर्णय वाचताना हे लक्षात असावं.

चालू औषधं अशी : लिथियम कार्बोनेट ३०० मिलिग्रॅमची एक गोळी सकाळी, दोन रात्री. रिस्पेरिडोन २ मिलिग्रॅम रात्री. सोबत ट्रायहेक्सिफेनिडिल २ मिलिग्रॅम, हातपाय आखडू नयेत म्हणून पूर्वी कधीतरी सुरू केलेलं आणि मग केस पेपरवर तसंच पुढे चालत आलेलं. जानेवारी २०२४ मध्ये लेव्हल, म्हणजे रक्तातलं लिथियमचं प्रमाण, काढली होती : ०.७. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ०.८. दोन्ही उत्तम.

घर टेकडीवर, रस्त्यापासून बऱ्याच पायऱ्या चढून. कुटुंब मूळचं सातारा जिल्ह्यातलं. यजमान रात्रपाळीचे वॉचमन, मुलगा रिक्षा चालवतो, सून एका कारखान्यात शिवणकामाला जाते. वहिनी वर्षभर घर सांभाळतात, पण त्यांच्या हातात स्वतःचे पैसे येतात ते उन्हाळ्यात. त्यांच्या कुरडया आणि पापडांना मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत गिऱ्हाईक आहे. गुढीपाडव्याच्या आसपास ऑर्डरी सुरू होतात, त्या पाऊस पडेपर्यंत. म्हणजे वर्षातला सगळ्यात तापलेला काळ हाच त्यांच्या सगळ्यात जास्त कष्टाचा काळ. कुरडईचा चीक शिजवणं म्हणजे पेटत्या शेगडीपुढे उभं राहून जड पातेलं सतत हाटणं. हात थांबला की गुठळ्या होतात. मग सोऱ्याने घालणं आणि भर उन्हात वाळवणावर लक्ष ठेवणं.

९ ते १६ एप्रिल

त्या वर्षी पाडवा ९ एप्रिलला होता. दुसऱ्याच दिवसापासून वहिनींचं डोकं दुखू लागलं. उन्हाने दुखतंय म्हणून त्यांनी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळी आणवली. मेडिकलवाल्याने डायक्लोफेनॅक आणि पॅरासिटॅमॉल एकत्र असलेली गोळी दिली, चिठ्ठी न मागता. तीन-चार दिवस त्या ती सकाळ-संध्याकाळ घेत होत्या.

११ तारखेला सुनेला त्यांचा हात थरथरताना दिसला. लिथियम घेणाऱ्या अनेकांच्या बोटांना बारीक कंप असतोच, वहिनींनाही होता, त्यामुळे तिने फार मनावर घेतलं नाही. पण हा कंप वेगळा होता. चहाचा कप बशीत वाजत होता, सोऱ्याचा दांडा हातात ठरत नव्हता. १२ ला उलट्या आणि पातळ जुलाब झाले. घरातल्यांना वाटलं, उन्हाळा बाधला. १३ ला रात्रभर झोप नाही, कुणी काही विचारलं की चिडून बोलणं, मध्येच स्वतःशी पुटपुटणं. इथे यजमान घाबरले. जुन्या दिवसांत आजार असाच सुरू व्हायचा. 'आजार उलटला' हे शब्द त्या घरात त्या रात्री पहिल्यांदा उच्चारले गेले आणि त्यानंतर प्रत्येक लक्षण त्याच चष्म्यातून बघितलं गेलं.

१४ एप्रिल रविवार, आंबेडकर जयंती. ओपीडी बंद. जवळच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथे उलटीचं इंजेक्शन मिळालं, पोटाच्या गोळ्या मिळाल्या आणि सल्ला मिळाला : डोक्याच्या गोळ्या अजिबात चुकवू नका. लिथियमचं नाव केस पेपरवर होतं. ते घेणाऱ्या माणसाला उलट्या-जुलाब होत असतील तर लेव्हल बघेपर्यंत गोळी थांबवावी लागते, हे तिथे कुणी सांगितलं नाही. घरच्यांनी तर अधिकच काळजीने गोळ्या दिल्या. सून समोर बसून, पाण्याच्या घोटाबरोबर प्रत्येक गोळी गिळवत होती. तिच्या मायेला नावं ठेवायला जागा नाही. तिला जे सांगितलं होतं ते ती करत होती.

१५ च्या रात्री शौचालयाकडे उतरताना वहिनी पायऱ्यांवर पडल्या. उचलून घरात आणलं तेव्हा बोबडं बोलत होत्या, दारू प्यायल्यासारखी पावलं पडत होती. १६ ला पहाटे मुलाने रिक्षात घालून रुग्णालयात आणलं. त्याच दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत ३९.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, आणि मुंबईतली उष्णतेची लाट बातम्यांचा मथळा झाली.

तारखांकडे पुन्हा एकदा बघा. वहिनींचा कंप ११ तारखेला वाढला, मथळे आले १६ ला. हवामान खात्याच्या निकषानुसार किनारपट्टीवर लाट जाहीर व्हायला कमाल तापमान किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त लागतं. शहराला सावध करायला हा निकष योग्य आहे. पण पत्र्याच्या घरात, शेगडीपुढे, मुंबईच्या दमट हवेत राबणाऱ्या आणि लिथियम घेणाऱ्या बाईसाठी धोका त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. घाम येतो पण वाळत नाही. आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. पाणी आणि मीठ मात्र जातच राहतं.

रुग्णालयात

कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न आला तो 'मानसिक पेशंट आहे का?' हाच. हो म्हटल्यावर त्यांना मनोविकार विभागाकडे दाखवायला सांगितलं गेलं. अंगाला हात लावून तपासणं त्यात मागे पडलं. हे एकाच रुग्णालयात घडतं असं नाही. मानसिक आजाराचं नाव पुढे आलं की शरीराच्या तक्रारी त्याच्या आड जातात, हा जगभरचा अनुभव आहे. मला या क्षेत्रात सगळ्यात जास्त सलणारी गोष्ट हीच आहे.

सुदैवाने त्या सकाळी मनोविकार विभागात ड्युटीवर असलेल्या निवासी डॉक्टरने वहिनींना दोन्ही हात पुढे धरायला सांगितले. हात लाटेसारखे हलले. सरळ रेषेत चालवून बघितलं, तोल गेला. आज वार कोणता विचारलं, वहिनी म्हणाल्या पाडवा. उन्मादात माणूस भरभर बोलतो, बेफाम होतो, पण त्याला बहुधा आपण कुठे आहोत, कोण आहोत, वार कोणता हे कळत असतं. अंगात ताकद संचारलेली असते. वहिनी पेंगत होत्या, मधूनच दचकून जाग्या होत होत्या, पुन्हा पेंगत होत्या. हे मनाच्या आजाराचं उलटणं नव्हतं. मेंदूला शरीरातून कसला तरी त्रास पोचत होता. वैद्यकात त्याला डिलिरियम म्हणतात, आणि त्याचं कारण शोधल्याशिवाय थांबायचं नसतं.

मग त्या डॉक्टरने सुनेला विचारलं, "ताई, मेडिकलमधून काही आणलं होतं का? आमच्या गोळ्या सोडून?" सुनेने गोळ्यांची पिशवी सोबत आणली होती. त्यातून डायक्लोफेनॅकची अर्धी पट्टी निघाली.

ताप १००.६ अंश फॅरेनहाइट, नाडी ११२, रक्तदाब ९६/६०, जीभ कोरडी, काखेत घाम जवळजवळ नाही. लिथियमची लेव्हल २.३ आली. देखभालीच्या उपचारात साधारण ०.६ ते १.० मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर अपेक्षित असते, १.५ च्या वर विषबाधेची भीती असते आणि दीर्घकाळ लिथियम घेणाऱ्यात २ च्या वरचा आकडा मेंदूला कायमची इजा करू शकतो. क्रिएटिनिन १.९. उष्माघात म्हणावा तर शरीराचं तापमान ४० अंश सेल्सिअस, म्हणजे १०४ फॅरेनहाइटच्या पुढे लागतं, तेवढं नव्हतं. रिस्पेरिडोनसारख्या औषधांनी क्वचित ताप, स्नायूंचा कडकपणा आणि भ्रम असं जीवघेणं चित्र होतं, पण वहिनींचे हातपाय ताठ नव्हते. मुंबईत तापाच्या रुग्णाची मलेरियाची तपासणी व्हायलाच हवी, ती झाली, काही निघालं नाही.

लिथियम आणि डायक्लोफेनॅक थांबवलं, सलाईन लावलं. दर काही तासांनी सोडियम बघितलं जात होतं. दीर्घकाळच्या लिथियमने मूत्रपिंडाची पाणी राखायची ताकद कमी झालेली असते, अशा रुग्णात नुसतं सलाईन चढवत राहिलं तर सोडियम भलतंच वाढू शकतं. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना बोलावून डायलिसिसची तयारी ठेवली होती. लेव्हल १२ तासांत १.६ वर आली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ०.९ झाली, डायलिसिस टळलं. मात्र वहिनी लगेच शुद्धीवर आल्या नाहीत. रक्तातून उतरलेलं लिथियम मेंदूतून हळू उतरतं. नातवाला नावाने हाक मारायला त्यांना आणखी तीन दिवस लागले, आणि चालताना भिंतीचा आधार सुटायला आठवड्याहून जास्त.

हे घडलं कसं

मूत्रपिंडाला लिथियम आणि सोडियम यांतला फरक नीट कळत नाही. घामावाटे, जुलाबावाटे मीठ आणि पाणी गेलं की मूत्रपिंड सोडियम वाचवायला धडपडतं. लघवीत जाऊ पाहणारं सोडियम ते परत ओढून घेतं, आणि त्याबरोबर लिथियमही परत येतं. बाहेर पडायचं ते आतच साठतं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या वेदनाशामकांनी मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह कमी होतो आणि लिथियमचा निचरा आणखी मंदावतो. लेव्हल चढली की उलट्या-जुलाब सुरू होतात. त्याने पाणी आणखी घटतं, आणि लेव्हल आणखी चढते. एकदा हा फेरा सुरू झाला की रोजचीच गोळी रोज विषात भर घालते.

ट्रायहेक्सिफेनिडिलचा त्यात वेगळा वाटा. ते औषध घाम दाबतं. रिस्पेरिडोनच्या गटातली औषधं मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्रावर परिणाम करतात. तहानेची जाणीवही काहींची बोथट होते. म्हणजे उन्हाळ्यात ज्याने अंग निवायचं, त्या सगळ्याच वाटा थोड्याथोड्या अडलेल्या.

एवढं वैद्यकाच्या पुस्तकात सापडतं. जे सापडत नाही ते मला वहिनींच्या घरी गेल्यावर कळलं.

घर

मी गेले तेव्हा एप्रिल संपत आला होता. दुपारी तीनला बाहेर सावलीत ३६ अंश होतं, घरातला तापमापक ४१ दाखवत होता. सिमेंटच्या पत्र्याचा भाग पुढे, लोखंडी पत्रा मागे, आणि त्या लोखंडी पत्र्याखालीच शेगडी. पंखा होता, तो गरम हवाच फिरवत होता. रात्री पत्रा उशिरापर्यंत धग सोडतो, म्हणून घरातली माणसं बाराच्या आधी आडवी होत नव्हती. बायपोलर आजारात झोप मोडणं हे स्वतःच उन्मादाला आमंत्रण असतं. त्यामुळे यजमानांना उन्मादाचा संशय आला तो अगदीच अस्थानी नव्हता.

मी पाण्याबद्दल विचारलं. वहिनी आधी बोलल्याच नाहीत. सून आत गेली तेव्हा हळूच म्हणाल्या, "मॅडम, पाणी प्यायलं की जावं लागतं."

लिथियमने लघवी जास्त होते. वहिनींना दिवसातून दहा-बारा वेळा जावं लागायचं. शौचालय टेकडीच्या पायथ्याशी, पैसे देऊन वापरायचं, रात्री उशिरा बंद होणारं. प्रत्येक वेळी तेवढ्या पायऱ्या उतरायच्या, रांगेत उभं राहायचं, पैसे मोजायचे, परत चढायचं. चीक शेगडीवर असताना ते शक्यच नाही. रात्री तर घरातल्या पुरुषांसमोरून, गल्लीतल्या पोरांसमोरून जायचं. म्हणून वहिनींनी कैक वर्षांपूर्वी स्वतःसाठी नियम घातला होता : सकाळी कामाला लागण्याआधी एक तांब्या पाणी, दुपारी गोळ्या-जेवणापुरतं, आणि संध्याकाळनंतर रात्रीच्या गोळीचा घोट सोडून काही नाही. हिवाळ्यात हा नियम निभावला. साध्या उन्हाळ्यातही कसाबसा निभावला. त्या एप्रिलमध्ये नाही निभावला.

ओपीडीत दरवेळी त्यांना 'भरपूर पाणी प्या' असं सांगितलं जात होतं, आणि त्या दरवेळी मान डोलवत होत्या. तरुण पुरुष डॉक्टरसमोर लघवीची गोष्ट काढणार कशी? मुंबईतल्या हजारो बायका शौचालयाच्या अडचणीपायी तहान मारतात. त्यातली एखादी लिथियमवर असेल तर तिच्या जिवावर बेततं. पाणी पिण्याचा सल्ला देणाऱ्या प्रत्येकाने त्याच्या पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे : पाणी प्यायल्यावर तुम्ही जाता कुठे?

दुसरी गोष्ट मिठाची. मार्चच्या अखेरीस वस्तीतल्या एका आरोग्य शिबिरात वहिनींचा रक्तदाब १४६/९२ निघाला. तिथे सांगितलं, मीठ कमी करा. वहिनी कष्टाळू तशाच कडक. त्यांनी मीठ कमी नाही केलं, बंदच केलं. स्वतःची भाजी अळणी काढायच्या, ताकात मीठ नाही, लोणचं-पापड ताटातून गेले. लिथियम घेणाऱ्याने मीठ अचानक तोडलं तर लेव्हल वाढते. शिबिरातल्या माणसांना लिथियमची माहिती नव्हती, कारण वहिनींनी ती सांगितली नव्हती. शेजारणींच्या रांगेत उभं राहून 'मला वेडाच्या गोळ्या चालू आहेत' असं कोण सांगेल? आजाराची लाज इथे थेट रक्तात उतरली.

मी मुद्दाम इतकं तपशिलात लिहिते आहे. अहवालात हे सगळं 'निर्जलीकरण आणि औषधांची आंतरक्रिया' एवढ्या शब्दांत संपतं. ते चूक नाही, पण तेवढ्यावर कुणाचा पुढचा उन्हाळा सुधारत नाही.

वहिनी एकट्या नाहीत

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात, उष्णतेच्या लाटेत आधीपासून मानसिक आजार असलेल्यांना मृत्यूचा धोका इतरांच्या तिपटीहून जास्त दिसला. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०२१ च्या उन्हाळ्यात जी लाट आली तिच्यात ६१९ माणसं उष्णतेमुळे गेली. त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांना उष्णतेची बाधा बंद घरात झाली होती, आणि स्किझोफ्रेनिया असलेल्यांना धोका सुमारे तिप्पट होता. अमेरिकेत २० लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्यावर अतिउष्ण दिवसांत मानसिक तक्रारींसाठी तातडीच्या विभागात येणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ८ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. हे सगळं तुलनेने सधन देशांतलं. आपल्याकडे १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या कार्यक्रमात उन्हाने माणसं दगावली तेव्हा मैदानातल्या उन्हावर खूप बोललं गेलं, आणि ते योग्यच होतं. पत्र्याखाली, दाराआड होणारं मात्र कुणाच्या नजरेला पडत नाही.

आमच्या ओपीडीत मे महिन्यात आणखीही बरंच दिसतं. अंगावर तीन शर्ट आणि स्वेटर घालून भर दुपारी फिरणारा स्किझोफ्रेनियाचा रुग्ण, ज्याला उकडतंय हेच जाणवत नाही. नैराश्याच्या गोळ्यांनी आधीच घाम जास्त येणारी म्हातारी माणसं. उकाड्यावर उतारा म्हणून थंड बिअर पिणारे आणि त्यावर झोपेची गोळी घेणारे. प्रत्येकाची गोष्ट स्वतंत्रपणे लिहायला हवी. इथे वहिनींपुरतंच बोलते.

काय बदललं

मोठा प्रश्न होता लिथियम पुन्हा द्यावं का. मुलगा म्हणाला, ती गोळीच नको, आई हातातून गेली असती. यजमान काही बोलले नाहीत, पण जुन्या दिवसांची आठवण त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. दुसऱ्या औषधांचा पर्याय डॉक्टरांनी नीट समजावून सांगितला. वहिनींनीच निर्णय घेतला : "या गोळीवर मी माझ्या पोराचं लग्न केलं. मला तीच द्या, पण कशी खायची ते शिकवा." मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ रुग्णाला आपल्या उपचाराबद्दल जाणून घेऊन संमती द्यायचा हक्क देतो. त्या दिवशी तो वापरला गेला असं मला वाटतं.

मूत्रपिंड पूर्ववत झाल्यावर लिथियम कमी प्रमाणात, ६०० मिलिग्रॅम, रात्री एकदाच सुरू झालं. एकाच वेळी घेतल्याने पुष्कळांची लघवी थोडी आवरते, वहिनींचीही आवरली. आठवड्याने लेव्हल काढली, शेवटच्या गोळीनंतर बरोबर १२ तासांनी : ०.५८. ट्रायहेक्सिफेनिडिलची गरज उरली नव्हती, ते हळूहळू बंद केलं. केस पेपरवर वर्षानुवर्षं आपसूक पुढे सरकणारी औषधं उन्हाळ्याआधी एकदा नव्याने तपासली गेली तर किती जणांचं भलं होईल!

मिठाबद्दल सांगितलं ते एवढंच : घरातल्या इतरांइतकं, आणि रोज सारखं. मुद्दाम जास्त खाल्लं तर लेव्हल पडेल आणि आजार डोकं वर काढेल, म्हणून तेही नको. रक्तदाबासाठी नवीन गोळी सुरू करायची वेळ आली तर आधी मनोविकार विभागाला विचारायचं, कारण रक्तदाबाच्या काही नेहमीच्या गोळ्यांनीही लिथियम वाढतं. वहिनींचा रक्तदाब पुढे चार वेळा मोजला, गोळीशिवाय ठीक राहिला.

वहिनींच्या पर्समध्ये आता एक मराठी कार्ड आहे. त्यावर लिहिलं आहे की त्या लिथियम घेतात. डोकं किंवा अंग दुखलं तर पॅरासिटॅमॉल चालेल, डायक्लोफेनॅक-आयब्युप्रोफेन नको. उलट्या-जुलाब, मोठा कंप, तोल जाणं, बोबडं बोलणं यांतलं काही झालं तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठून लेव्हल काढावी. खाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा क्रमांक आहे, १४४१६, रात्री-अपरात्री मराठीत विचारता येईल म्हणून. मेडिकलवाल्याकडे मी स्वतः गेले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, कार्डाचा फोटो काढून ठेवला. त्यानंतर त्याने आणखी दोन गिऱ्हाइकांना लिथियमबद्दल विचारलं हे मला सुनेकडून कळलं.

पत्र्याला वरून पांढरा रंग दिला. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेसाठी कृती आराखडा आखला, आणि पुढे तिथल्या वस्त्यांत अशी पांढरी छतं करण्यात आली. मुलाने एका रविवारी मित्रांना घेऊन काम उरकलं. घर थंड झालं असं म्हणणार नाही, पण दुपारचा आकडा दोन-तीन अंशांनी उतरला आणि रात्री पत्रा लवकर निवतो. कामाची वेळ बदलली. चीक आता पहाटे चारला शिजतो, पाणी सुटायच्या आधी. वाळवणावर उन्हात बसायचं काम शेजारच्या दोन मुलींनी रोजाने घेतलं. वहिनींच्या हातात त्यामुळे थोडे कमी पैसे येतात, आणि हे त्यांना लागलं. लागणारच.

पाण्याची गोष्ट सगळ्यात अवघड गेली. शौचालयाचा महिन्याचा कुटुंब पास काढला, त्यामुळे दरवेळी पैसे मोजणं थांबलं. रात्रीसाठी मोरीला पडद्याऐवजी लाकडी दार बसवलं, कडी घातली. दार बसवायचं सुनेने सुचवलं. वहिनींनी सासू म्हणून तिच्यासमोर ही अडचण कधी बोलून दाखवली नव्हती, आणि तिचीही अडचण तीच होती. आता दोघी पाणी पितात.

पुढचा उन्हाळा

लेव्हल मार्चमध्ये काढायची असं ठरलं होतं. पण २०२५ मध्ये फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातच सांताक्रूझचा पारा ३८ च्या पुढे गेला. सुनेने फोन केला : "मॅडम, तारीख पुढची आहे पण आईंना आत्ताच घेऊन येऊ का?" घेऊन आली. लेव्हल ०.६२, क्रिएटिनिन ०.९. त्यानंतर मेच्या मध्यावर पुन्हा काढली, तीही हद्दीत होती. एकदा जुलाब झाले तेव्हा वहिनींनी स्वतः रात्रीची गोळी थांबवली, ओआरएस घेतलं, सकाळी ओपीडीत आल्या, आणि डॉक्टरांनी सांगितल्यावर पुन्हा सुरू केली.

न सुटलेलंही पुष्कळ आहे. बोटांचा बारीक कंप पूर्वीपेक्षा किंचित जास्त राहिला आहे आणि तो जाईलच असं डॉक्टर सांगत नाहीत. कॅज्युअल्टीतला पहिला प्रश्न अजून तोच आहे. लिथियम घेणाऱ्या आमच्या सगळ्या रुग्णांची यादी काढून प्रत्येकाची लेव्हल फेब्रुवारीत व्हावी, आणि ओपीडीच्या कागदावर शौचालयाचा आणि छताचा एकेक रकाना असावा, असा प्रस्ताव आम्ही विभागात दिला आहे. यादीचं काम सुरू झालं. रकान्यांवर अजून चर्चा चालू आहे.